मुतखड्यावर औषधी वनस्पतीची चाचणी : परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडतो?

पाषाणभेद, गोखरू, वायवर्णा मुतखड्यावर खरंच चालतात का, हे तपासण्याचे प्रस्ताव आयुर्वेद आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांकडून सतत येतात. विषय चांगला, मेहनतीची तयारी, तरी अर्ज परत. कारणं बहुतेक तीच ती.

सगळ्यात जास्त अडतं ते वनस्पतीच्या ओळखीवर. अर्जात नुसतं ‘पाषाणभेद’ लिहून भागत नाही. आयुर्वेदिक फार्माकोपियातला (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातला) पाषाणभेद म्हणजे हिमालयात वाढणारी बर्जेनिया सिलियाटा. पण पानफुटीलाही कुणी तेच नाव देतं आणि दक्षिणेत एर्वा लनाटाला. म्हणून व्हाउचर क्रमांकासह (जपून ठेवलेल्या नमुन्याचा नोंद क्रमांक) ओळखीचा दाखला लागतो आणि नेमका तोच कुणाकडे नसतो. दुकानदाराची पावती इथे चालत नाही. पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात किंवा हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) असलेल्या वनस्पतिशास्त्र विभागात नमुना द्या. चूर्ण नेऊ नका. फूल किंवा फळ असलेली, दाबून वाळवलेली फांदी न्या, सोबत गोळा केल्याची जागा आणि तारीख. वायवर्णा उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतो, पावसाळ्यात जाग आली तर पुढच्या वर्षीपर्यंत थांबावं लागतं. शिवाय तयार औषधाचा तपासणी अहवाल जोडा. त्यात जड धातूंची मर्यादा पाहतात : शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग).

प्राण्यांवर प्रयोग असेल तर संस्था सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची समिती) नोंदलेली हवी, अर्ज फॉर्म बी मध्ये आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी प्राणी आणण्याआधी. नेहमीची पद्धत म्हणजे उंदरांना २८ दिवस पिण्याच्या पाण्यातून ०.७५ टक्के इथिलीन ग्लायकॉल, ज्याने खडे तयार होतात. इथे एक चूक फार होते. शीर्षकात ‘उपचार’ असतो आणि औषध मात्र पहिल्या दिवसापासून सुरू. तो खडा होऊ न देण्याचा प्रयोग झाला. उपचार तपासायचा तर खडे तयार होऊ द्यावे लागतात, औषध साधारण १५व्या दिवसापासून. आणि ‘प्रत्येक गटात सहा, कारण सगळे तेवढेच घेतात’ हे उत्तर समितीला देऊ नका, संख्येचं गणित मांडा.

माणसांवरच्या चाचणीत पहिला प्रश्न तुलनेच्या गटाचा. पाच मिलिमीटरच्या आतले बरेचसे खडे पाणी पिऊनही पडतात, मग श्रेय औषधाला कसं द्यायचं? खड्याचं माप सुरुवातीला सोनोग्राफीने घेतलं तर शेवटीही सोनोग्राफीनेच घ्या. एकदा सोनोग्राफी, एकदा सीटी असं केलं की आकडे जुळत नाहीत. एकच मूत्रपिंड असलेले, मूत्रपिंडाला सूज किंवा ताप असलेले, गर्भवती असे रुग्ण वगळल्याचं स्पष्ट लिहा. मराठी संमतीपत्रात, लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला तर कुणाकडे धावायचं, ते सोप्या शब्दांत हवं. मूत्ररोगतज्ज्ञ सहसंशोधक असला तर ही जागा रिकामी राहत नाही. हा मजकूर कृपा करून दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलू नका, रुग्णाच्या जिवाशी गाठ आहे.

मग सीटीआरआय, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही. नोंदणी मोफत, ऑनलाइन, पण मुदत जवळपास सगळेच चुकीची वाचतात. प्रबंध जमा करण्याआधी नव्हे, पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद होत नाही. अर्ज भरला म्हणजे नोंदणी झाली असंही नाही, क्रमांक हातात येईपर्यंत रुग्ण घ्यायचा नाही. त्याआधी माणसांवरच्या संशोधनाच्या नीतिमत्ता समितीचं मंजुरीपत्र अपलोड करावं लागतं. त्यावरचं शीर्षक अर्जातल्या शीर्षकाशी शब्दशः जुळवा, एवढ्यासाठीही अर्ज शंकेसह परत येतो. शंका ईमेलवर येते. मार्गदर्शकांचा न उघडला जाणारा पत्ता देण्यापेक्षा रोज पाहता तो पत्ता द्या.

अर्क परदेशी सहकाऱ्याकडे पाठवायचा असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी घ्या. वनस्पती आपल्याच परसातली असली तरी ती लागते.