जुने छोटे ट्रॅक्टर व त्यांची अवजारे : देखभाल आणि दुरुस्ती (मराठवाडा)

तीस अश्वशक्तीच्या आतले, वापरून जुने झालेले ट्रॅक्टर आणि त्यांना जोडायचे नांगर, मोगडा (कल्टिव्हेटर), रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार), पेरणी यंत्र, फवारणीचा ब्लोअर कामाच्या स्थितीत ठेवण्याची कारागिरी. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत हे काम वाटून होते : थोडे आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) मालक स्वतः करतो, थोडे गावचा लोहार, आणि उरलेले तालुक्याच्या गावातला मिस्त्री व त्याच्या शेजारचा लेथवाला. यातले बहुतेक ज्ञान हातात आणि कानात आहे, कागदावर फारच थोडे आले आहे.

अमेरिकेत ‘गार्डन ट्रॅक्टर’ म्हटले की घराभोवतीचे गवत कापणारे, बर्फ सारणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. १९६१ सालचा कब कॅडेट आणि १९६३ सालचा जॉन डिअर ११० ही त्याची नावाजलेली उदाहरणे; तिकडे ती हौसेने जपली जातात. आपल्याकडे छोटा ट्रॅक्टर बागेत शिरला तो आंतरमशागतीसाठी. जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ, केशर आंबा, द्राक्ष, डाळिंब यांच्या ओळींत मोठा ट्रॅक्टर वळत नाही, आणि बैलजोडी सांभाळणे दरवर्षी जड जाते. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर ९० टक्के अनुदानावर देणाऱ्या राज्याच्या योजनेतूनही बरीच छोटी यंत्रे गावांत आली.

यंत्रे. जुन्यांत स्वराज ७२४, एचएमटी २५११ आणि आयशरचा एका सिलिंडरचा ट्रॅक्टर ही नावे ठळक. स्वराजचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत झाला आणि ७२४ हे मॉडेल १९७४ मध्ये बाजारात आले. आयशर हवेने थंड होतो, त्याला रेडिएटर नाही. दुष्काळी भागात हा गुण मोठा. एचएमटीच्या ट्रॅक्टर कारखान्याला केंद्र सरकारने २०१६ मध्ये कुलूप लावले, पण ते ट्रॅक्टर अजून शेतात आहेत. या सगळ्यांत इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. डिझेल पंप, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोटी), गिअर, क्लच हे सारे पान्याने खोलता येते, म्हणूनच इतकी वर्षे झाली तरी ते दुरुस्त होतात.

धूळ. मराठवाड्यात इंजिन वयाने क्वचितच मरते. चैत्र-वैशाखात काळ्या रानात नांगरट चालते तेव्हा ट्रॅक्टरमागे धुळीचा लोट उठतो. ही धूळ पिठासारखी बारीक, पण तिच्यातले कण पिस्टनच्या रिंग आणि लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) खरवडून काढतात. जुन्या ट्रॅक्टरवर तेलातला एअर क्लिनर असतो : हवा आधी खालच्या वाटीतल्या तेलावर आपटते, जड धूळ तिथेच बसते आणि उरलेली वरच्या तारेच्या जाळीत अडकते. नांगरटीच्या दिवसांत ही वाटी रोज सकाळी काढून पाहायची. तळाशी बोटाच्या पेराएवढा गाळ साचला असेल तर तेल टाकून द्यायचे, वाटी डिझेलने धुवायची आणि नवे तेल खुणेपर्यंतच भरायचे. खुणेच्या वर भरलेले तेल इंजिन ओढून घेते. मग ट्रॅक्टर आपोआप रेस घेतो आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही. हा प्रकार धोक्याचा आहे.

वाटीपेक्षा जास्त दुर्लक्ष होते ते क्लिनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीकडे. क्लिप ढिली झाली किंवा रबराला बारीक चीर पडली की हवा गाळणी टाळून थेट आत जाते. चांगला मिस्त्री ट्रॅक्टर आला की पहिल्यांदा ही नळी सोडवतो आणि आतून बोट फिरवतो. बोट कोरडे-स्वच्छ निघाले तर ठीक. काळी माती लागली तर मालकाला तेच बोट दाखवतो. त्यापुढे समजावून सांगायला काही लागत नाही. वीस-तीस रुपयांची क्लिप वेळेवर बदलली नाही म्हणून ‘रिंग-पिस्टन’चे काम निघते, आणि त्यात हजारो रुपये जातात. या विषयातली एकच गोष्ट शिकायची झाली तर ती हीच, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे.

आतली झीज धुरावरून ओळखतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे ताण जास्त किंवा नोझल खराब. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला चालतो. इंजिन तापल्यावरही राहिला तर पाणी आत जात असल्याची शंका घ्यावी.

पाणी. बोअरचे जड पाणी रेडिएटरात वर्षानुवर्षे ओतले की आत क्षार धरतो, चहाच्या पातेल्याला धरतो तसा. नळ्या बुजतात आणि ट्रॅक्टर दुपारी उकळतो. पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी ड्रममध्ये धरून तेच कूलंटसोबत वापरणारे शेतकरी या त्रासातून सुटतात. ‘उकळतो’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकायची पद्धत मात्र चुकीची आहे. त्याने इंजिन नीट तापत नाही, अर्धवट जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि झीज वाढते. आयशरसारख्या हवेच्या इंजिनाला पाणी नको असले तरी इंजिनावरच्या, उष्णता बाहेर सोडणाऱ्या पंखे-पट्ट्या स्वच्छ लागतात. सोयाबीनचा भुसा आणि ऑइलचा थर त्यांत बसला की तेही तापते. लाकडी काडीने खरडून, मग हवेने फुंकून ते मोकळे करतात.

डिझेल संपेपर्यंत ट्रॅक्टर चालवला की पाइपात हवा शिरते. ती काढणे प्रत्येक मालकाला यायला हवे. टाकी भरून फिल्टरवरचा छोटा बोल्ट दोन आटे ढिला करायचा आणि हातपंपाचा दांडा दाबत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की दांडा दाबलेलाच ठेवून बोल्ट आवळायचा. तसेच पंपावर, आणि शेवटी नोझलच्या नटापाशी.

अवजारे. इंजिनाची काळजी निदान घेतली जाते. अवजार मात्र पावसात बांधावर लिंबाखाली पडलेले असते. हा सर्वांत मोठा तोटा. पलटी नांगराचा पत्रा गंजला की काळी चिकण माती त्यावरून घसरत नाही, चिकटून बसते. तास (नांगराची सरी) नीट उलटत नाही, डिझेल जास्त जाते. हंगाम संपताच पत्रा घासून त्यावर जळके ऑइल किंवा ग्रीस फासले, तर पुढच्या नांगरटीला तो पहिल्या तासापासून आरशासारखा चालतो. झिजलेला फाळ लोहाराकडे भट्टीत तापवून ठोकून घेतात किंवा टोकावर कडक रॉडचे वेल्डिंग भरतात. बोथट फाळाने नांगर जमिनीत शिरत नाही आणि चालक वजन टाकत बसतो.

रोटाव्हेटरचा शत्रू वेगळाच. पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळल्या झाडांचे) तुकडे, दोरी आणि बागेत उरलेल्या ठिबकच्या नळ्या त्याच्या शाफ्टला गुंडाळतात आणि सरकत सरकत टोकाच्या बेअरिंगपाशी जाऊन बसतात. तिथे ऑइल सील कापले जाते, गिअर ऑइल गळते आणि त्याच वाटेने चिखल आत जातो. संध्याकाळी ट्रॅक्टर बंद करून, किल्ली खिशात घालून, विळ्याने हा गुंता कापून काढला तर बेअरिंग कैक पटीने जास्त टिकते. पाती डावी-उजवी वेगळी असतात. एका बाजूचीच नवी बसवली तर पूर्ण यंत्र थरथरते. नवी पाती लावल्यावर तासाभराने बोल्ट पुन्हा आवळावेत.

पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून अवजाराला फिरती ताकद देणारा दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्याच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉसचा सांधा धरणारे काटे) एका रेषेत बसवायचे, नाहीतर धक्के बसून गिअरबॉक्सचे दात जातात. त्यावरचे प्लास्टिकचे कव्हर तुटले की बहुतेक जण काढून टाकतात. उपरणे, साडीचा पदर, शर्टाची बाही क्षणात गुंडाळली जाते आणि माणूस हात सोडवूनही घेऊ शकत नाही. कव्हर नसलेला शाफ्ट चालू ठेवू नये.

सुटे भाग. कंपनी बंद पडली तरी ट्रॅक्टर अडत नाही, याचे कारण बेअरिंग आणि सील जगभर ठरलेल्या मापांची असतात. बेअरिंगवर ६२०५ कोरलेले असेल तर शेवटच्या ०५ ला पाचाने गुणायचे : आतले भोक २५ मिलिमीटर. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात नुसता आकडा सांगितला की माल मिळतो. बुश (शाफ्टभोवतीच्या धातूच्या नळ्या) लेथवर करून मिळतात, गिअर भंगारातल्या दुसऱ्या ट्रॅक्टरचे शोधावे लागतात. बिडाचे (ओतीव लोखंडाचे) तडकलेले घर, म्हणजे गिअर-बेअरिंगचे कवच, जोडताना जाणता वेल्डर ते आधी सावकाश तापवतो, निकेलचा रॉड वापरतो आणि मग राखेत पुरून रात्रभर थंड होऊ देतो. उघड्यावर ठेवले तर बाजूलाच नवी चीर जाते. नटबोल्टची गफलत वारंवार होते. काही जुन्या आराखड्यांत इंचाचे आटे असतात, मिस्त्री ते सुतांत मोजतात (आठ सूत म्हणजे एक इंच). तिथे मिलिमीटरचा बोल्ट जबरदस्तीने आवळला की आटे जातात.

वेळ. मोठी कामे माघ-फाल्गुनात, नांगरटीच्या आधी उरकतात. मृगाच्या तोंडावर मिस्त्री सापडत नाही. खंडेनवमीला ट्रॅक्टर आणि अवजारे धुऊन पुजली जातात. त्या दिवशी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बेअरिंगमधले ग्रीस निघून जाते, म्हणून धुतल्यावर प्रत्येक निपलमध्ये नवे ग्रीस जुने बाहेर येईपर्यंत भरावे लागते. ट्रॅक्टरच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते.

काही आखाड्यांवर ट्रॅक्टरच्या शेडच्या भिंतीवर ऑइलपेंटने यादी लिहिलेली असते : फिल्टरचा नंबर, चाकाच्या बेअरिंगचा नंबर, सीलचे माप, ऑइल बदलल्याची तारीख. जुना मिस्त्री गेला किंवा ट्रॅक्टर दुसऱ्या हाती पडला, तरी नव्या माणसाला ती भिंत वाचून कामाला लागता येते.