फ्रेंच दागिने लिलावात: घडणावळीला भाव कसा आला

जुना दागिना सराफाकडे मोडीत घातला की सोन्याचे पैसे मिळतात, घडणावळ बुडते. कार्तिए किंवा व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या पॅरिसच्या पेढ्यांचा जुना दागिना लिलावात आला की नेमके उलटे घडते. पण कारागिरीचा हा मान तसा अलीकडचा. खुद्द फ्रान्सनेच एकेकाळी ती मातीमोल केली होती.

मे १८८७ मध्ये तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या सरकारने राजघराण्याचे जडजवाहीर पॅरिसच्या लूव्र राजवाड्यात (आजचे संग्रहालय) लिलावाला काढले. राजचिन्हेच उरली नाहीत तर गादीवर हक्क सांगायला कोणी परतणार नाही, हा हिशेब. १४० कॅरटचा ‘रीजंट’ हिरा आणि मोजक्या वस्तू वगळल्या. तिसऱ्या नेपोलियनची पत्नी सम्राज्ञी युजेनी हिचे कितीतरी साज मात्र सुटे करून, खड्यांच्या भावाने विकले गेले. सर्वांत मोठी खरेदी अमेरिकेच्या टिफनी या जवाहिऱ्या पेढीची. सरकारला मिळाले सत्तर लाख फ्रँकांहून थोडे अधिक. एवढ्यासाठी इतकी मोडतोड!

फ्रांस्वा क्रामेरने १८५५ मध्ये घडवलेला युजेनीचा हिऱ्यांचा बो (फितीच्या गाठीच्या आकाराचा दागिना) अखंड विकला गेला, म्हणून वाचला. तो अमेरिकेतील ॲस्टर कुटुंबाकडे गेला आणि २००८ मध्ये लूव्रने सुमारे ६७ लाख युरो मोजून परत आणला. ऑक्टोबर २०२५ मधील लूव्रच्या चोरीत तोही गेला.

दरम्यान पॅरिसच्या प्लास वांदोम या चौकाभोवती आजची नावे उभी राहिली होती. बूशरों १८९३ मध्ये चौकात आले, कार्तिए १८९९ मध्ये शेजारच्या र्‍यू द ला पे रस्त्यावर, व्हॅन क्लीफ १९०६ मध्ये चौकातच. व्हॅन क्लीफने १९३३ मध्ये पेटंट घेतलेली जडण तर बघतच राहावी अशी. प्रत्येक माणकाच्या कडेला खाच पाडून ते सोन्याच्या बारीक पट्ट्यांवर सरकवतात. वरून धातूचा मागमूस दिसत नाही. खाच पाडताना खडा तडकला तर तो वाया.

गिऱ्हाइकांत आपले संस्थानिकही होते. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे पेढीकडून प्रत्येकी सुमारे ४७ कॅरटचे, नासपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले. पुढे त्यांचे पुत्र यशवंतराव यांच्या काळात मोबूसॉं या पॅरिसच्याच पेढीने ते नव्या हारात बसवले आणि १९४६ मध्ये ते अमेरिकी जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनकडे गेले. इथेही खडे टिकले, घडण बदलत गेली.

पारडे फिरल्याचे ठळकपणे दिसले ते १९८७ मध्ये, १८८७ च्या बरोबर शंभर वर्षांनी. डचेस ऑफ विंडसरचे (जिच्यासाठी ब्रिटनच्या आठव्या एडवर्डने गादी सोडली ती वॉलिस सिम्प्सन) दागिने सदबीज या लिलावसंस्थेने जिनिव्हात विकले, सुमारे पाच कोटी डॉलरना. त्यातले कार्तिएचे १९५२ चे बिबट्याचे ब्रेसलेट २०१० मध्ये लंडनमध्ये पुन्हा लिलावात आले आणि ४५ लाख पौंडांवर गेले. त्यात आहेत हिरे आणि ऑनिक्स हा काळा खडा. ऑनिक्स काही दुर्मीळ रत्न नव्हे; बोली लागली ती सांध्यासांध्यात लवचीक असलेल्या त्या जनावराला, कार्तिएच्या सहीला आणि अर्थात डचेसच्या नावालाही.

म्हणूनच तज्ज्ञ आधी भिंग लावून ठसे शोधतात. गरुडाचे डोके म्हणजे १८ कॅरट सोने, ही खूण १८३८ पासूनची. पत्त्यांतल्या चौकटच्या आकारातला ठसा घडवणाऱ्याचा. तो बहुधा दुकानाचा नसून त्याच्यासाठी राबणाऱ्या कारखान्याचा असतो.

एवढे सगळे पॅरिसचे असून मोठे लिलाव जिनिव्हात का? कारण फ्रान्समध्ये लिलाव पुकारण्याचा मक्ता १५५६ पासून सरकारमान्य लिलावदारांकडेच होता. २००० च्या कायद्याने तो मोडला. सदबीज आणि क्रिस्टीज यांनी २००१ मध्ये पॅरिसमध्ये लिलाव सुरू केले, तोवर जवाहिराचा बाजार जिनिव्हात पक्का बसला होता.