गुन्हेमालिका आणि कबुलीचा प्रश्न : पार्श्वभूमी

२७ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘सीआयडी’ ही हिंदी मालिका वीस वर्षांच्या आणि दीड हजारांहून अधिक भागांच्या वाटचालीनंतर थांबली, तेव्हा तिच्याविषयी जे लिहिले-बोलले गेले त्यात जिव्हाळा पुष्कळ होता. उत्तम गुन्हेमालिका कोणती, अशी चर्चा निघाली की मात्र तिचे चाहतेही तिचे नाव जरा हसूनच घेतात. लोकप्रियता आणि थोरवी यांतील हे अंतर तुटपुंज्या निर्मितीखर्चाने किंवा ठरावीक संवादांनी पुरते उलगडत नाही, कारण साध्या नेपथ्यावर आणि मोजक्या पात्रांवर उभ्या राहिलेल्या थोर मालिका जगात कमी नाहीत. मालिका आपली गोष्ट नेमकी कुठे संपवते, हे पाहिले तर काही हाती लागते. आणि भारतीय मालिकांच्या बाबतीत ती जागा बहुतेक वेळा एकच राहिली आहे, ती म्हणजे गुन्हेगाराची कबुली.

परदेशातील इतिहास येथे थोडक्यात आठवला तरी पुरे. अमेरिकेत १९४९ साली नभोवाणीवर आणि १९५१ पासून दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘ड्रॅगनेट’ने पोलिसी तपासाची रोजची रटाळ कामेच गोष्टीच्या केंद्रस्थानी आणली. घटना खरी आहे, फक्त नावे बदलली आहेत, असे ती आरंभीच सांगत असे, आणि शेवटी खटल्याचा निकाल काय लागला तेही ऐकवीत असे. म्हणजे आरोपी सापडल्यावर न्यायालय नावाचे आणखी एक ठिकाण उरते, याची जाणीव त्या साच्यात पहिल्यापासूनच होती. १९७१ पासून नियमित झालेल्या ‘कोलंबो’ने खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच दाखवून टाकले आणि सारा भर पुरावा कसा जमतो यावर ठेवला. ब्रिटनमध्ये १९८४ च्या पोलीसविषयक कायद्यानंतर संशयितांच्या जबाबांचे ध्वनिमुद्रण रूढ झाले, आणि टेबलावरचे ते यंत्र, शेजारी बसलेला वकील व प्रश्नोत्तरांची लांबलचक जुगलबंदी हे तेथील मालिकांचे बलस्थान बनले. १९९१ च्या ‘प्राइम सस्पेक्ट’पासून २०१२ साली सुरू झालेल्या ‘लाइन ऑफ ड्यूटी’पर्यंत ही परंपरा सलग दिसते. अमेरिकेतील ‘द वायर’ (२००२ ते २००८) हिने तर दूरध्वनी ऐकण्याची परवानगी न्यायाधीशाकडून मिळवण्यासाठी आधीचे सगळे मार्ग थकले आहेत हे कागदोपत्री सिद्ध करण्याच्या खटपटीतूनच पहिल्या पर्वाचा मोठा भाग विणला. या सर्व उदाहरणांत कायद्याने पोलिसांपुढे उभी केलेली अडचण हीच लेखकाची शिदोरी ठरली, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात तपास करणारा बहुधा पोलीस नसे. १९८५ च्या ‘करमचंद’मधला गाजर चघळणारा गुप्तहेर किंवा १९९३ च्या ‘ब्योमकेश बक्षी’मधला, स्वतःला सत्यान्वेषी म्हणवणारा धोतर नेसलेला बंगाली गृहस्थ यांना आरोपपत्र दाखल करायचे नव्हते. ब्योमकेश तर काही कथांत सत्य कळल्यावर गुन्हेगाराला कायद्याच्या हवालीही करत नाही. अशा खासगी तपासात कबुली ही बुद्धीच्या खेळातील शेवटची चाल असते, आणि खेळ म्हणून ती शोभतेही. मुंबई दूरदर्शनच्या मराठी प्रेक्षकांना ‘हॅलो इन्स्पेक्टर’ आणि ‘एक शून्य शून्य’ या मालिकांमुळे गणवेशातला किंवा साध्या कपड्यांतला पोलीस त्याच पडद्यावर भेटला. यांपैकी दुसरीचा दिग्दर्शक आणि तिच्यातील एक प्रमुख मराठी नट हेच पुढे ‘सीआयडी’ची ओळख बनले. तिचे मूळ मराठी मालिकेत शोधण्यात आपल्या भाषेचा अभिमान थोडा असेलही. पण ते मूळ तेथे आहे, हे खरे आहे.

२१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेल्या या मालिकेच्या नावावरूनच बराच घोळ झाला आहे. महाराष्ट्र राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे, म्हणजे रूढ अर्थाने सीआयडीचे, मुख्यालय पुण्यात आहे आणि मुंबईतल्या प्रत्येक खुनाच्या तपासाशी त्याचा संबंध येत नाही, असा आक्षेप जाणकार घेत आले. तो अर्धाच बरोबर आहे. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेच्या कागदपत्रांवर ‘डी. सी. बी., सी. आय. डी., मुंबई’ असेच लिहिलेले असते, त्यामुळे मालिकेतले पथक मुंबईच्या गुन्हे शाखेचे मानले तर नाव चुकलेले नाही. चुकली आहे ती पदांची उतरंड. गुन्हे शाखेच्या कक्षाचा रोजचा कारभार वरिष्ठ पोलीस निरीक्षक पाहतो. मालिकेचा नायक ज्या पदावर आहे तो सहायक पोलीस आयुक्त, म्हणजे एसीपी, त्याच्या वरचा असतो आणि प्रत्येक प्रेतापाशी धावत जाणे हे काही त्याचे काम नव्हे. अर्थात, नाटकाला नायक लागतो, म्हणून ही सवलत देता येईल. पथकातल्या दयाच्या, दारे तोडणाऱ्या लाथेलाही देता येईल, कारण आत येऊ देण्याची रीतसर मागणी करूनही दार उघडले नाही तर ते तोडण्याची मुभा १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४७ व्या कलमात होतीच; मागणी करण्याचा भाग तेवढा मालिकेत घाईघाईने उरकला जाई.

कबुलीच्या बाबतीत मात्र अशी सवलत देणे कठीण आहे, आणि तेथेच या विषयाची खरी मेख आहे. भागाच्या शेवटी सर्व संशयितांना एका खोलीत गोळा करायचे, एसीपीने घटनाक्रम सांगायचा, एखादी थप्पड बसायची, मग गुन्हेगाराने आपण खून का आणि कसा केला हे सविस्तर सांगायचे आणि त्याला ‘आता तुला फाशीच होणार’ असे बजावायचे, हा क्रम प्रेक्षकांना पाठ झाला होता. वास्तविक १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाप्रमाणे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, आणि २६ व्या कलमाप्रमाणे कोठडीत असताना अन्य कोणापुढे दिलेल्या कबुलीलाही दंडाधिकारी समक्ष हजर असल्याशिवाय किंमत नाही. ही तरतूद कोणा हळव्या न्यायाधीशाची कल्पना नव्हती. मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलीस खात्यांतील लोक रयतेचा कसा छळ करतात याची चौकशी होऊन १८५५ साली जो अहवाल आला, त्यानंतरच्या वातावरणात १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही बंदी प्रथम आली आणि तेथून ती पुरावा कायद्यात गेली. आपल्या पोलिसांना कबुली हवीहवीशी वाटते आणि ती मिळवण्याचा त्यांचा मार्ग भरवशाचा नाही, हे परकीय राज्यकर्त्यांनी स्वतःच्याच पोलिसांविषयी काढलेले अनुमान होते.

त्यातच ‘कबुली’ हा शब्द मराठीत दोन अंगांनी वापरला जातो, त्यामुळे गोंधळ वाढतो. बोलण्यात ‘त्याने कबूल केले’ म्हणजे विषय मिटला. ठाण्यात मात्र ‘आरोपी कबूल आहे’ या वाक्याचा अर्थ काम आता कुठे सुरू झाले, एवढाच असतो. दंडाधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब वेगळा; तो द्यायला आरोपी बांधील नाही आणि दिला तर तो आपल्याविरुद्ध वापरला जाईल, हे त्याला आधी समजावून सांगावे लागते. या दोहोंच्या मध्ये २७ वे कलम उभे आहे. आरोपीने कोठडीत सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर त्या माहितीचा त्या शोधाशी थेट निगडित असलेला भाग तेवढा ग्राह्य धरला जातो. म्हणून दोन पंच बोलावून आधी निवेदनाचा पंचनामा करायचा, मग आरोपी दाखवील त्या वाटेने सगळ्यांनी जायचे, विहिरीतून किंवा उसाच्या फडातून कोयता काढायचा, तो मुद्देमाल म्हणून जागेवर सीलबंद करायचा आणि तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवायचा, असा हा सोपस्कार आहे. त्यात अर्धा दिवस मोडलेले पंच आहेत. तेच पंच दोन-चार वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात फितूर होण्याची भीती आहे. ‘मी दाखवतो’ या दोन शब्दांवर सगळा खटला तोलला जाण्याची शक्यता आहे. कोणत्याही लेखकाला हे घबाड वाटावे. साप्ताहिक मालिकांच्या लेखकांनी ते बहुतांशी वाऱ्यावर सोडले आणि शेवटच्या खोलीतील भाषणावर समाधान मानले.

याला दुसरी बाजू आहे, आणि मालिकावाल्यांच्या वतीने ती मांडली जाते. संघटित गुन्हेगारीच्या काळात कायद्यानेच कबुलीचे दार किलकिले केले होते. पोलिसापुढची कबुली ग्राह्य धरणारा टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९९५ साली संपला, पण १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, म्हणजे मोक्काने, १८ व्या कलमात पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब काही अटींवर ग्राह्य ठरवला. तेव्हा टोळीयुद्धाच्या मुंबईत वाढलेल्या प्रेक्षकाला पोलिसापुढची कबुली पुरेशी वाटावी, यात नवल नाही, असा हा युक्तिवाद आहे. तो ऐकायला बरा असला तरी त्याच कलमाने निकालात निघतो. तो अधिकारी पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून खालचा असता कामा नये, अशी तेथे अट आहे. आयुक्तालयात त्या दर्जाचा अधिकारी म्हणजे उपायुक्त, आणि सहायक आयुक्त त्याच्या एक पायरी खाली येतो. म्हणजे वीस वर्षे ज्या एसीपीपुढे खुनी कबूल होत राहिले, त्याने नोंदवलेली कबुली मोक्काखालीही टिकली नसती. प्रक्षेपणाच्या वेळापत्रकात बसवलेल्या भागाला पुरावा गोळा करत बसण्याइतका अवकाश नव्हता, हे दुसरे समर्थनही पुरते पटत नाही. ७ नोव्हेंबर २००४ रोजी याच मालिकेने १११ मिनिटांचा एक भाग एकाच सलग चित्रणात, मध्ये कुठेही न तोडता सादर केला होता. जिद्द आणि कसब यांची वानवा नव्हती. ती कुठे खर्च करायची, याचा तो निर्णय होता.

२००३ साली सुरू झालेल्या ‘क्राइम पेट्रोल’ने खऱ्या प्रकरणांचा आधार घेतला, तशी गुन्ह्यामागच्या घराची, कर्जाची, हुंड्याची आणि शेजाऱ्यांच्या मौनाची दखल घेतली जाऊ लागली. तिची उत्तम प्रकरणे आजही पुन्हा पाहावीत अशी आहेत. तपास मात्र तेथेही पुष्कळदा काठीपाशी आणि मग कबुलीपाशी येऊन संपे, आणि कोठडीतील मारहाण ही कथेची गती वाढवणारी साधी क्रिया म्हणून दाखवली जाई. मराठीत २०११ ते २०१६ या काळात चाललेल्या ‘लक्ष्य’ने पोलीस पथकाची साप्ताहिक गोष्ट सांगितली. २०२० च्या ‘देवमाणूस’ने गुन्हेगार कोण हे आधीच उघड करून ‘कोलंबो’चा उलटा साचा रोजच्या मालिकेत आणला. सातारा जिल्ह्यातील एका प्रकरणाशी तिचे नाते त्या वेळी घरोघरी बोलले गेले. कल्पना धीट होती. परंतु रोजची मालिका टीआरपी आहे तोवर चालवायची असते, त्यामुळे प्रेक्षकाला सगळे माहीत असूनही पोलिसांना पुरावा सापडू द्यायचा नाही, अशी विचित्र अडवणूक तिच्या साच्यातच होती.

ओटीटीवरील छोट्या पर्वांनी ही अडवणूक सोडवली. २०१९ च्या ‘दिल्ली क्राइम’च्या पहिल्या पर्वात सातच भाग आहेत. त्यात आरोपी सांगतो आणि ऐकणारे अधिकारी सुन्न होतात; पण त्या सांगण्यावर काम संपत नाही, याची जाण प्रत्येक पात्राला आहे. ती ज्यावर बेतली आहे त्या २०१२ च्या दिल्ली सामूहिक बलात्कार प्रकरणाच्या प्रत्यक्षातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये शिक्षा कायम केली, ती पीडितेचे मृत्युपूर्व जबाब, डीएनए आणि दातांच्या व्रणांची तपासणी अशा पुराव्यांच्या बळावर. २०२० साली या मालिकेला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या ‘पाताल लोक’मध्ये दिल्लीतील एका दुर्लक्षित ठाण्याच्या निरीक्षकाकडून प्रकरण काढून घेतले जाते आणि वरच्या यंत्रणेने तयार केलेली सोयीची गोष्ट खोटी आहे हे त्याला एकट्याने उमगत जाते. २०२३ ची ‘कोहरा’ आणखी पुढे गेली. पंजाबातील त्या गोष्टीत पोलिसांची मारहाण आहे, तिच्यातून मिळणारी उत्तरे आहेत आणि त्या उत्तरांचा फोलपणाही आहे. मार खाणाऱ्याच्या घरचे चेहरे कॅमेरा टाळत नाही. वीस वर्षे जी थप्पड टाळी घेत होती, तिची किंमत येथे मांडली गेली.

या काळात कायदाही जागचा हलला. कोणाच्याही संमतीशिवाय नार्को चाचणी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, आणि २५, २६ व २७ ही तिन्ही जुनी कलमे तेथे २३ व्या कलमात एकत्र आली. बंदी तशीच राहिली. त्याच दिवशी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाने झडती आणि जप्ती यांचे दृकश्राव्य चित्रण बंधनकारक केले, त्यामुळे कोयता सापडतानाचा पंचनामा आता मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे होतो. ‘सीआयडी’ २१ डिसेंबर २०२४ रोजी तोच एसीपी आणि त्याचे तेच दोन जुने सहकारी घेऊन परतली, तेव्हा या बदलाला साडेपाच महिने उलटले होते.