वाघाच्या नाकातला कुलर

एप्रिल लागला की आमच्या गावच्या टपरीवर एक बातमी दरवर्षी हजेरी लावते. नागपूरच्या प्राणिसंग्रहालयात वाघ-बिबट्यांसाठी कुलर बसवले. सोबत फोटो: पिंजऱ्याच्या जाळीला टेकवलेला लोखंडी कुलर, वर हिरवी जाळी, आणि त्या हवेत पाय पसरून पडलेला वाघ. मोबाइल या हातातून त्या हातात जातो आणि ठरलेलं वाक्य येतं. "पोट्ट्याईच्या वर्गात पंखा नाई, अन् वाघाले कुलर!"

पहिल्या अर्ध्या वाक्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. मी त्याच वर्गात विज्ञान शिकवतो. पण यंदा एकाने पुढे विचारलं, "जंगलातल्या वाघाले कोन लावून देते जी कुलर? तो तं तिथं मस्त राह्यते." चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाने विचारलेला हा प्रश्न खरोखर चांगला आहे. उत्तर टपरीवर अर्धवट राहिलं, कारण तिसऱ्याने नवतपा काढला. म्हणून इथे पुरं करतो.

आधी नवतपाचं उरकून घेऊ. सूर्य रोहिणी नक्षत्रात असतानाचे ते नऊ दिवस, साधारण २५ मेपासूनचे. या दिवसांत सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो असा एक मेसेज दरवर्षी फिरतो. तो साफ चुकीचा आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपण शेकोटीजवळ बसलेले असतो तेव्हा. आणि सर्वात लांब असते जुलैच्या सुरुवातीला. नवतप्यात नागपूरच्या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो (२६ मेच्या आसपास भरदुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते), आणि जमीन दोन महिने भाजून निघालेली असते. कारण एवढंच. आणि खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हेही तसंच. कांदा पोटात गेला तर निदान थोडं पाणी देतो, खिशात तो फक्त वास देतो. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर गाजावाजा झाला, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की यंत्र बिघडलं होतं. नागपूरचा अधिकृत उच्चांक ४७.९ अंशांचा आहे, २३ मे २०१३ चा. तेवढा पुरेसा आहे, त्यात भर घालायची गरज नाही.

आता वाघ.

वाघाच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा किंचित जास्त, ३८ अंशांच्या आसपास असतं. हवा ३० अंश असेल तर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते, कारण उष्णता गरमाकडून थंडाकडे वाहते. हे सातवीत शिकवतो. पण हवा ४५ अंश झाली की प्रवाह उलटा होतो आणि बाहेरची उष्णता अंगात शिरू लागते. अशा वेळी कोरडा पंखा लावणं म्हणजे चुलीला फुंकर घालणं. तुम्हाआम्हाला ४० अंशांतही पंख्याखाली बरं वाटतं, कारण आपल्या अंगभर घाम येतो आणि पंखा तो वाळवतो. वाघाला अंगावर असा घाम येत नाही. त्याच्या उपयोगी घामग्रंथी असतात पायाच्या गाद्यांना. दीड-दोनशे किलोच्या जनावराला चार तळव्यांच्या घामाने काय होणार?

शरीरापेक्षा हवा गरम झाली की गार होण्याचा मुख्य रस्ता एकच उरतो: पाणी वाळवणं. या एका गोष्टीवर मी तासभर बोलू शकतो, आणि वर्गातली पोरं त्याची साक्ष देतील.

आकड्यांत पाहू. २५ अंशांचं एक लिटर पाणी वाघ प्यायला, तर ते ३८ अंशांपर्यंत तापताना त्याच्या अंगातली १३ किलोकॅलरी उष्णता घेतं. तेच एक लिटर पाणी जिभेवरून, नाकातून किंवा भिजलेल्या अंगावरून वाळलं तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. चाळीस पटींहून जास्त! पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना सोडवून हवेत पाठवायला ऊर्जा लागते, आणि ती ज्या पृष्ठभागावरून पाणी उडतं त्याच्याकडून वसूल होते. माठातलं पाणी याच वसुलीमुळे गार होतं. पाझरत नाही तो माठ गारही होत नाही, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला पुस्तकाशिवाय माहीत असतं.

आणि बर्फ? उन्हाळ्यात अस्वलाला बर्फात गोठवलेली फळं, वाघापुढे बर्फाची लादी, असे फोटो झकास येतात. एक किलो बर्फ वितळून शरीराच्या तापमानाला येईपर्यंत साधारण १२० किलोकॅलरी घेतो, वाळणाऱ्या पाण्याच्या पाचव्या हिश्शाएवढी. तीही बहुतेक फरशीकडून, कारण वाघ काही बर्फ कडाकडा खात बसत नाही. बर्फाचा खरा उपयोग मन रमवण्याचा आहे. पिंजऱ्यात दिवस लांब असतो. चाटायला, ढकलायला, वास घ्यायला काही नवं मिळालं तर जनावर एकाच रेषेत येरझारा घालणं थोडं विसरतं. तो फार मोठा उपयोग आहे. पण गारवा पाहिजे असेल तर लादीपेक्षा भिजवलेलं पोतं भारी.

आता वाघाच्या नाकात शिरू. भर उन्हात वाघ तोंड उघडून लहान लहान श्वास घेतो, त्याला आमच्याकडे धापणं म्हणतात. गावातलं कुत्रंही तेच करतं, आणि या धापण्याचा अभ्यास कुत्र्यावरच जास्त झाला आहे. कुत्रं धापताना हवा मुख्यतः नाकाने आत घेतं आणि तोंडाने बाहेर सोडतं. नाकाच्या आत कागदाच्या सुरळीसारख्या गुंडाळलेल्या पातळ हाडांच्या पापुद्र्या असतात. त्यांच्यावर ओलं अस्तर, आणि अस्तराखाली रक्तवाहिन्यांचं दाट विणकाम. कुलरच्या ताट्या आठवा. तिथेही हवेला जास्तीत जास्त ओला पृष्ठभाग भेटावा म्हणून गवत विस्कटून भरलेलं असतं. कोरडी हवा त्या पापुद्र्यांवरून जाते, पाणी उडतं आणि खालचं रक्त गार होतं. श्वास उथळ असतात, म्हणून हवा फुफ्फुसाच्या तळापर्यंत फारशी जात नाही. नाहीतर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त निघून गेला असता आणि जनावराला भोवळ आली असती. कुत्र्याच्या धापण्याचा वेगही ठरलेला असतो, सेकंदाला सुमारे पाच वेळा. छाती आणि श्वासनळीचा आपला म्हणून जो झोका आहे त्याच लयीत ते धापतं, म्हणून स्नायूंना कष्ट कमी पडतात. पाळण्याला त्याच्याच लयीत झोका दिला की एक बोटही पुरतं, तसं.

हे गार झालेलं रक्त जातं कुठे? इथे थोडं अवघड आहे, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेळी, मेंढी, हरीण, गाय यांच्या मेंदूकडे जाणारी धमनी कवटीच्या तळाशी एकदम शेकडो बारीक फाट्यांत फुटते, जाळं होतं, आणि पुढे फाटे पुन्हा एकत्र येतात. हे जाळं शिरेच्या एका डबक्यात बुडालेलं असतं, आणि त्या डबक्यात नाकाकडून आलेलं गार रक्त भरलेलं असतं. मांजरकुळातही असं जाळं आहे, फक्त ते कवटीच्या बाहेर असतं. दोन्ही रक्तं मिसळत नाहीत. पातळ भिंतीतून फक्त उष्णता इकडून तिकडे जाते, आणि मेंदूला पोचणारं रक्त उरलेल्या शरीरापेक्षा थोडं गार असतं. माणसाला हे जाळं नाही. घोड्यालाही नाही.

उन्हात मेंदू शिजू नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय, असं पूर्वी मानत. मेंढ्यांवरच्या प्रयोगांतून वेगळंच चित्र पुढे आलं. शरीराचा तापमापक बसतो मेंदूच्या तळाशी. त्या भागाला गार रक्त मिळालं की त्याला वाटतं, एवढं काही तापलेलं नाही. मग तो धापण्याचा हुकूम सौम्य करतो. जनावर कमी धापतं आणि पाणी वाचतं. म्हणजे पाणवठा लांब असलेल्या जनावराने स्वतःच्या मेंदूला थोडंसं फसवून केलेली ही पाणीबचत आहे. पाण्याचा टँकर कधी येईल याची वाट पाहणाऱ्या आमच्या गावांना ही युक्ती लगेच कळावी.

टपरीवरच्या प्रश्नाचं उत्तर आता जवळ आलं. जंगलातल्या वाघाजवळ कुलर आहे, पण तो नाकापुरता नाही, त्याची निम्मी यंत्रणा जंगलात पसरलेली असते. मे महिन्यात वाघ नाल्याच्या काठच्या जांभळीत, ओल्या वाळूवर दिवसभर पडून राहतो. पाणवठ्यात बऱ्याचदा उलट्या पावली, आधी मागचं अंग घालत उतरतो, गळ्यापर्यंत बसतो, आणि बाहेर आला की भिजलेली केसाळ कातडी वाऱ्यात वाळते. लिटरला ५८० किलोकॅलरी. चालणं, शिकार सगळं रात्री. ताडोबात सौरपंपांनी पाणवठे भरत ठेवतात त्याचं महत्त्व पिण्याच्या पाण्यापुरतं नाही, हे या आकड्यावरून ध्यानात येईल. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजणाऱ्यांनी वाघाला तासन्‌तास पाण्यात नुसतं बसलेलं पाहिलं असेल. तो आळशी नसतो.

गोम अशी की त्याच नाल्याच्या सावलीला मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचणारी आणि मेमध्ये तेंदूपत्ता तोडणारी माणसंही टेकतात. आमच्या भागातले कितीतरी हल्ले याच दिवसांतले आहेत. मग वाघ पकडला जातो, आणि आमच्या जिल्ह्यात पकडलेले कित्येक वाघ नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात जातात. तिथे त्याला नाला नाही, जांभूळ नाही, गार जागा निवडण्याची मुभा नाही. नाकातला कुलर तेवढा सोबत येतो. बाकीची निम्मी यंत्रणा माणसाने बसवून द्यायची असते: हौद, सावली, फवारे, भिजवलेली पोती आणि तो टपरीवर गाजलेला लोखंडी डबा.

काळजीचा बाकीचा भाग फोटोत येत नाही. उदाहरणार्थ जेवणाची वेळ. मांस पचवताना शरीर स्वतःच उष्णता तयार करतं. प्रथिनांतल्या ऊर्जेचा पाचवा ते तिसरा हिस्सा पचनाच्या खटाटोपातच उष्णता म्हणून निघतो. भर दुपारी वाघापुढे मांस टाकणं म्हणजे त्याच्या पोटात शेगडी पेटवणं, म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी खायला घालणं शहाणपणाचं. आणि मांस तपासून घालणं तर बाराही महिने जिवावरचं काम. २०२४ च्या डिसेंबर अखेरीस गोरेवाड्याच्या केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला, आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. ते वाघ चंद्रपूर जिल्ह्यातून नेलेले होते. त्या बातमीवर टपरीवर कोणी हसलं नाही.

प्रत्येक जनावराचा कुलर वेगळा, हेही सांगायला हवं. मगर तोंड वासून पडते, ती रागावलेली नसते. पक्ष्यांना घामग्रंथीच नाहीत. पाणकावळा गळ्याची कातडी थरथरवतो. करकोचे आणि अमेरिकेतली गिधाडं स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतात, ती वाळते आणि पाय गार होतात. गेल्या वर्षी मी पोरांना घेऊन नागपूरच्या महाराजबागेत गेलो होतो, १८९४ पासूनचं ते प्राणिसंग्रहालय. तिथे करकोच्याची ही तरकीब सांगितल्यावर पुढचा अर्धा तास कोणी दुसऱ्या पिंजऱ्याकडे बघायलाच तयार नव्हतं. म्हैस काळी, त्यात घामग्रंथी कमी, म्हणून ती चिखलात लोळते. गुराखी तिला डबक्यातून बाहेर काढायला दगड मारतो तेव्हा मला तिची बाजू घ्यावीशी वाटते.

आता कुलरच्या मर्यादेकडे येतो. शाळेच्या कडुनिंबाला आम्ही दोन तापमापक टांगले आहेत. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची चिंधी, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. पाणी वाळवून हवा जास्तीत जास्त किती गार होऊ शकते, हे ओला तापमापक सांगतो. त्याच्याखाली कुठलाही कुलर जाऊ शकत नाही, मग तो लोखंडाचा असो की नाकातला. मे महिन्यातल्या भर दुपारी हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला तापमापक २४ च्या जवळ राहतो. चांगला कुलर या २१ अंशांच्या अंतराचा पाऊण रस्ता कापतो, म्हणजे २९-३० अंशांची हवा फेकतो. जुलैत हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के. ओला तापमापक २९, आणि कुलरची हवा पुन्हा तीसच्या आत-बाहेर.

दोन्ही महिन्यांत कुलरमधून तेवढ्याच गरम हवेचा झोत येतो! तरी मेमध्ये स्वर्ग वाटतो आणि जुलैत अंग चिकचिकतं. कारण मेमधल्या झोतात आणखी पाणी पिण्याची जागा शिल्लक असते, तो आपला घाम किंवा वाघाच्या जिभेवरचा ओलावा उचलू शकतो. जुलैतला झोत तुडुंब भरून आलेला असतो. बंद खोलीत मागची खिडकी न उघडता कुलर लावला तर मेमध्येही तासाभरात जुलै होतो, आणि वाघाच्या रात्रीच्या कोठडीलाही हाच नियम लागू. हवा बाहेर जायला वाट नसेल तर कुलर लावून फोटो तेवढा चांगला येतो.

पावसाळ्यात पिंजऱ्यातली कामं बदलतात. कोरडी बसायची जागा, माश्या, पायाच्या जखमा यांच्याकडे लक्ष जातं, आणि कुलर कोपऱ्यात जातात.

गेल्या जूनमध्ये सातवीची एक मुलगी रोज दुपारी दोनला दोन्ही तापमापकांचे आकडे वहीत लिहायची. महिन्याच्या सुरुवातीला अंतर अठरा होतं. पहिल्या पावसानंतर ते नऊवर आलं, मग सहा, मग चार. ती वही घेऊन मी टपरीवर गेलो, की आजपासून कुलरचा उपयोग संपला हे पुराव्यानिशी दाखवावं. टपरीवाल्याने कुलरच्या पाण्याच्या मोटारीची पिन आदल्याच दिवशी काढून ठेवली होती. नुसता पंखा सुरू होता.

"पानी उडूनच नाई राह्यलं जी," तो म्हणाला, "मंग कायले भरू?"