आडनाव आधी की नाव आधी?

मलेरियावरील आर्टेमिसिनिन या औषधाच्या शोधासाठी २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या तू योयो यांचे आडनाव ‘तू’ आहे. १९५७ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले चेन निंग यांग यांचे आडनाव मात्र ‘यांग’. दोघांचाही जन्म चीनमधला. पण यांग अमेरिकेत स्थायिक झाले आणि त्यांनी इंग्रजी रीतीप्रमाणे आडनाव शेवटी नेले. चीनमध्ये ते यांग झेन्निंगच राहिले.

चिनी नावात कुळ आधी येते, व्यक्ती नंतर. आडनाव बहुधा एका चित्राक्षराचे आणि नाव एक किंवा दोन अक्षरांचे असते. वांग, ली आणि झांग ही आडनावे लावणारे प्रत्येकी सुमारे नऊ कोटी किंवा त्याहून अधिक लोक असल्याने माणूस वेगळा ओळखू येण्याचा सारा भार नावावर पडतो. म्हणूनच आईवडील तयार नावांच्या यादीतून नाव न उचलता हजारो अक्षरांतून अर्थ पाहून ते स्वतः घडवतात. काही घराण्यांत एका पिढीच्या भावंडांना एक अक्षर समान असते. माओ झेदोंग यांच्या भावांची नावे झेमिन आणि झेतान होती.

इंग्रजीत परिस्थिती नेमकी उलट आहे. जॉन, मेरी यांसारखी रुळलेली नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. वैविध्य आढळते ते व्यवसाय, गाव किंवा पूर्वज यांवरून पडलेल्या आडनावांत. स्मिथ म्हणजे लोहार, जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. मधले नाव ऐच्छिक असते आणि ते वडिलांचेच असावे असा दंडक नाही. जॉन फिट्झगेराल्ड केनेडी यांचे मधले नाव हे त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव होते. मराठी माणूस ‘मिडल नेम’च्या रकान्यात वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहितो, तेव्हा तो त्या रकान्याला एक निराळाच अर्थ देत असतो.

खरी अडचण लिपी बदलताना येते. चीनने १९५८ साली स्वीकारलेल्या पिनयिन या रोमन लेखनपद्धतीमुळे जुन्या पद्धतीतले ‘माओ त्से तुंग’ हे ‘माओ झेदोंग’ झाले. परंतु नावे रोमन लिपीत छापताना स्वरांच्या चढउताराची चिन्हे सहसा गाळली जातात आणि भिन्न अर्थांची अनेक अक्षरे एकाच स्पेलिंगमध्ये मिसळून जातात. उलट एकच आडनाव बीजिंगमध्ये चेन, हाँगकाँगमध्ये चान आणि सिंगापूरमध्ये होक्किएन ही चिनी बोली बोलणाऱ्यांत टान होते. शोधनिबंधांवरील ‘वेई वांग’ नेमका कोणता, हा संशोधकांपुढील खराखुरा प्रश्न आहे. त्यामुळेच ‘फिजिकल रिव्ह्यू’ या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकांनी २००७ साली लेखकांना रोमन नावाशेजारी मूळ चिनी अक्षरेही छापण्याची मुभा दिली, आणि हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो.

चिनी नावाच्या या रचनेचे एक उदाहरण थेट सोलापूरशी जोडलेले आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस तेथे ‘के दिहुआ’ झाले. ‘के’ हे कोटणीस या आडनावाच्या उच्चाराशी जुळणारे अस्सल चिनी आडनाव, आणि शेवटचे ‘हुआ’ म्हणजे चीन; पथकातील पाचही डॉक्टरांनी ते अक्षर आपल्या नावाच्या शेवटी धारण केले होते. कोटणीसांच्या मुलाचे नाव यिनहुआ ठेवले गेले: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.