रिमवर्ल्डमधली वैरण आणि किबल: कोणाच्या पुढ्यात काय टाकायचं?

कोठारात वैरणीचा ढीग आणि दारात उपाशी हस्की. रिमवर्ल्ड या वसाहत उभारण्याच्या व्हिडिओ गेममध्ये, माझ्या पहिल्या वसाहतीत भर हिवाळ्यात हे घडलं. गायी मजेत होत्या. दोन्ही कुत्री मात्र वैरणीला तोंड लावेनात, आणि त्यांच्या नावापुढे कुपोषणाची नोंद दिसायला लागली. तेव्हा कुठे लक्षात आलं, 'जनावरांचं खाणं' म्हणून मी दोन वेगळ्या गोष्टी एकच समजत होतो.

वैरण शेतात पिकते. चाऱ्याचं पीक लावायचं, कापायचं आणि छपराखाली रचायचं, कारण उघड्यावर ती खराब होते. वाढीचा काळ ७ दिवसांचा दिसतो, पण रात्री रोप वाढत नाही, म्हणून प्रत्यक्षात १३ दिवसांच्या आसपास लागतात. एका रोपातून साधारण १८ नग मिळतात. वसाहतीतली माणसं ती खाऊ शकत नाहीत, कुत्रीही नाहीत. गाय, मेंढी, घोडा, अल्पाका यांच्यासाठी मात्र तीच सगळ्यात सोपी. बाहेर गवत असेपर्यंत कुंपणात चरू द्यावं आणि थंडीत गवत वाढायचं थांबलं की साठवलेली वैरण काढावी.

किबल, म्हणजे मांस आणि वैरण किंवा भाजी मिसळून केलेलं जनावरांचं खाणं, मात्र तयार करावी लागते, तीही चुलीवर नाही तर खाटकाच्या टेबलावर. २० मांस आणि २० वैरण किंवा भाजी घातली की ५० किबल मिळते. एका नगाचं पोषण वैरणीइतकंच, ०.०५. म्हणजे घातलं त्यापेक्षा सव्वापट पोषण हाती येतं, शिवाय ती फ्रीझरमध्ये ठेवावी लागत नाही. मांसाहारी आणि शाकाहारी, दोन्ही प्रकारची बहुतेक जनावरं ती खातात.

आपल्याकडे दुभत्या गायीला कडब्याबरोबर पेंड देतात, म्हणून किबल म्हणजे पेंडच असं वाटणं साहजिक आहे. खेळात तसं नाही. गायीचं दूध खाण्याच्या प्रकारावर ठरत नाही. तिचं पोट भरलेलं आहे का, एवढंच पाहिलं जातं. भूक लागली की दूध साठण्याचा वेग दोन तृतीयांशावर येतो, फार भूक लागली की एक तृतीयांशावर, आणि उपासमार झाली की शून्यावर. वैरणीवर पोट भरलेली गाय किबल खाणाऱ्या गायीइतकंच दूध देते. मग मांस आणि स्वयंपाक्याचा वेळ तिच्यावर कशाला घालवायचा?

किबलची खरी किंमत कुत्र्यांपाशी कळते. हल्ल्यानंतर पडलेल्या प्रेतांचं मांस किंवा किड्यांचं मांस माणसांच्या ताटात गेलं तर बहुतेकांचं मन बिघडतं. तेच वैरणीत मिसळून किबल केली तर कुत्री काहीही न बिघडता खातात. माणसांना खायचं चांगलं मांस वाचतं, कुत्र्यांचं पोटही भरतं.

एक काळजी मात्र घ्या. किबलचं काम लावताना त्यात काय काय चालेल ती यादी उघडा आणि तांदूळ, मका, हरणाचं मांस यांच्या खुणा काढून टाका. नाहीतर स्वयंपाकी माणसांचं धान्यच टेबलावर आणून ओततो. काम 'कायम' न ठेवता ठरावीक साठा होईपर्यंतच लावा, आणि तो साठा गायींच्या कुंपणाबाहेर, कुत्र्यांना मोकळं फिरता येईल अशा खोलीत ठेवा.