ऑक्सिजन सुटायला इतका जड का?

पाण्यात दोन इलेक्ट्रोड बुडवून वीज सोडली, की ऋणाग्रावर हायड्रोजनचे आणि धनाग्रावर ऑक्सिजनचे बुडबुडे धरू लागतात. निकल्सन आणि कार्लाइल या इंग्रज संशोधकांनी हे १८०० सालीच करून पाहिलं होतं. हिशेबाने या कामाला १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात कारखान्यातल्या घटांना, म्हणजे असे इलेक्ट्रोड बुडवलेल्या पात्रांना, १.८ ते २ व्होल्ट लागतात. जास्तीच्या विजेचा मोठा वाटा एकटा ऑक्सिजन खातो.

कारण त्याचं कामच किचकट आहे. हायड्रोजनचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉनांत जुळतो. ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी मात्र पाण्याच्या दोन रेणूंमधून चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन काढायचे आणि उरलेले दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना जोडायचे. हे टप्प्याटप्प्याने होतं. उत्प्रेरकाने, म्हणजे क्रियेला वेग देणाऱ्या इलेक्ट्रोडवरच्या पदार्थाने, अर्धवट तयार झालेले रेणू फार घट्ट धरले तर ते सुटत नाहीत, आणि सैल धरले तर काम सुरूच होत नाही.

आम्लात हे काम करून वर्षानुवर्षं टिकणारा पदार्थ म्हणजे इरिडियमचं ऑक्साइड. पण जगभरात इरिडियम निघतं वर्षाला जेमतेम सात-आठ टन, तेही प्लॅटिनमच्या खाणींतून जोडीने.

अल्कलीच्या द्रावणात स्वस्त निकेल चालतं. त्याची गोष्ट मला फार आवडते. निकेलचे इलेक्ट्रोड वापरता वापरता सुधारतात, असं दिसायचं आणि श्रेय निकेलला मिळायचं. १९८७ मध्ये डेनिस कॉरिगन या संशोधकाने दाखवलं, की खरी करामत लोखंडाची आहे. द्रावणातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीमध्ये मळासारखं राहिलेलं, दहा लाखांत एखादा भाग इतकं लोखंड निकेलच्या थरात शिरत होतं. ते काढून द्रावण शुद्ध केलं, की निकेल मंदावतं. आज निकेल-लोखंडाची ही जोडी मुद्दाम बनवली जाते.

हिरव्या पानात हेच काम चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंचा पुंजका करतो. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी त्याची रचना १.९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) इतक्या बारकाईने टिपली. पण कडक उन्हात त्याला धरून ठेवणारं प्रथिन सतत बिघडतं आणि पान ते अर्ध्या-एक तासात बदलून टाकतं. घटातल्या धातूला ही सोय नाही. म्हणूनच नोसेरा आणि कानन या रसायनशास्त्रज्ञांच्या २००८ च्या कोबाल्ट-फॉस्फेट थराकडे इतकं लक्ष गेलं: त्यातून विरघळून गेलेला कोबाल्ट वीज चालू असेपर्यंत पुन्हा इलेक्ट्रोडवर येऊन बसतो.